पोत्यातलं पोटॅश पेटत नाही, बाटलीतलं पोटॅशियम पेटतं: अल्क धातू आणि अणूची रचना

खानापूरचे_सर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दहावीला धातू-अधातूंचा धडा चालू होता. सोडियम, पोटॅशियम पाण्याला लागले की काय होतं ते सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, आम्ही उसाला पोटॅश घालतोय की. पोतं पावसात भिजलं तर गठ्ठा होतंय, पेटत नाही. मग तुम्ही सांगताय ते पोटॅशियम कुठलं?"

या एका प्रश्नाचं उत्तर नीट दिलं तर अणूची बरीचशी रचना त्यातच शिकवून होते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून धागा काढतोय. ज्यांना जे माहीत आहे त्यांनी भर घालावी.

पोटॅशच्या पोत्यात पोटॅशियमचे अणू नसतात, आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्यामुळे भार आलेले अणू) असतात. फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा. पोटॅशियमचा अणुक्रमांक 19. केंद्रकात 19 प्रोटॉन, बाहेर 19 इलेक्ट्रॉन, मांडणी 2, 8, 8, 1. शेवटच्या कवचातला तो एकटा इलेक्ट्रॉन गेला की उरतात 18 आणि मांडणी होते 2, 8, 8. आरगॉनची मांडणी हीच. म्हणून हा आयन शांत. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. त्यातल्या प्रत्येक पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन आधीच क्लोरीनकडे गेलेला आहे. पाण्यात टाकलं की दोन्ही आयन सुटे होतात आणि पाण्यात मिसळतात. देण्यासारखं काही उरलेलंच नाही, मग अभिक्रिया कशाची होणार?

पोत्यावर 60 टक्के लिहिलेलं असतं, ते पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने. प्रत्यक्षात पोत्यात ऑक्साइड नसतंच, ही हिशेबाची जुनी पद्धत आहे. त्यावरून काढलं तर 50 किलोच्या पोत्यात पोटॅशियम भरतं जवळजवळ 25 किलो. तेवढा धातू कुणी चोर्ल्याच्या पावसात उघडा ठेवला असता तर काय झालं असतं याची कल्पना करा. आणि आपली माणसं तेच पोतं खांद्यावर टाकून बांधावरून चालत जातात.

मी वर्गात सोडियम दाखवतो, पोटॅशियम दाखवत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉकेलच्या बाटलीत मळकट पांढरं कवच आलेला तुकडा असतो. चिमट्याने काढायचा, टिपकागदावर रॉकेल टिपून घ्यायचं, कोरड्या सुरीने कापायचा. धातू असूनही सुरी सहज आत जाते. कापलेली बाजू लखलखीत निघते, आणि मुलं वाकून बघेपर्यंत ती काळपट पडायला लागते. हवेतला ऑक्सिजन आणि ओल यांचं काम डोळ्यांदेखत दिसतं. मग तांदळाच्या दाण्याएवढा कण पाण्यात टाकायचा. पाण्यात आधी फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब घातलेले असले तर कण सूं सूं आवाज करत गोळी होऊन पृष्ठभागावर सैरावैरा धावतो आणि मागे गुलाबी रेघ सोडत जातो. ती रेघ म्हणजे तयार होणारं सोडियम हायड्रॉक्साइड. बुडबुडे हायड्रोजनचे.

---

निपाणी_शिवार

सर, पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा.

आमचं निपाणी भागात तंबाखूचं शिवार, थोडा ऊस. उसाला आम्ही लाल पोटॅश घालतो, म्हणजे तुम्ही म्हणता ते म्युरिएट. तंबाखूला मात्र ते घालत नाही. तंबाखूला सल्फेट ऑफ पोटॅश. महाग पडतं, पण क्लोराइड पानात गेलं की पान ओल धरतं आणि नीट जळत नाही. व्यापारी पान हातात घेऊन बघतो तेव्हा हे सगळं उघडं पडतं.

आता तुमचं वाचून माझ्या ध्यानात आलं की पोटॅशियम दोन्ही खतांत तेच, बरोबरचा सोबती वेगळा. पण एक विचारतो. पिकाची मुळं पोटॅशियम ओढून घेतात ते धातू म्हणून की आयन म्हणून? आणि मग तो धातू निसर्गात कुठं सापडतो?

---

खानापूरचे_सर

@निपाणी_शिवार मामा, आयन म्हणूनच. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो, पोटॅशियमचा आयन धन भाराचा, म्हणून तो मातीला चिकटून राहतो आणि मुळं तिथून घेतात. झाडाने, जनावराने, माणसाने पोटॅशियमचा धातू कधी पाहिलेलाच नाही. आपल्या नसांतून संदेश जातात तेही सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांवर.

निसर्गात धातू म्हणून तो सापडतच नाही. चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते माणसाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. पण धातू वेगळा करायचा तर आयनाला त्याचा इलेक्ट्रॉन परत द्यावा लागतो, आणि ते करायला त्या काळच्या भट्टीत कुणाकडे ताकद नव्हती. 1807 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला. ऋण टोकाला पाऱ्यासारखे चमकणारे थेंब जमले आणि त्यातले काही तिथेच पेटले. थोड्याच दिवसांत त्याने कॉस्टिक सोड्यातून सोडियमही काढलं. लिथियम 1817 ला मिळालं, आर्फवेडसनला, एका खनिजात.

---

टिळकवाडी_अक्का

मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) भौतिकशास्त्र शिकवते. सरांनी "एकटा इलेक्ट्रॉन सुटतो" इथे आणून सोडलंय, तिथून पुढे नेते. खरा प्रश्न हा की तो सुटतो इतक्या सहज का, आणि आवर्तसारणीत लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम असे एकाखाली एक येणाऱ्या या अल्क धातूंत खाली जाताना अधिकच सहज का?

शिवजयंतीला चित्ररथ बघायला गर्दी होते तेव्हा पुढच्या रांगेतल्याला रथ पूर्ण दिसतो आणि मागच्याला पुढच्यांच्या खांद्यांमधून दिसेल तेवढाच. केंद्रकाचं आकर्षण बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत असंच पोचतं. सोडियमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन आहेत, पण आतले 10 इलेक्ट्रॉन मध्ये असल्यामुळे बाहेरच्याला 11 चा भार जाणवत नाही. स्लेटरचे नियम (हा जाणवणारा भार काढायची ढोबळ रीत) लावून हिशेब केला तर जाणवतो सुमारे 2.2.

आता मुलांना धक्का बसतो ती जागा. तोच हिशेब पोटॅशियमला करा, 19 प्रोटॉन, उत्तर पुन्हा 2.2. रुबिडियमला 37 प्रोटॉन, उत्तर 2.2. म्हणजे या ढोबळ हिशेबात बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची ओढ भाराच्या बाबतीत बदलतच नाही. बदलतं ते अंतर. धातूतली अणूची त्रिज्या पिकोमीटरमध्ये अशी: लिथियम 152, सोडियम 186, पोटॅशियम 227, रुबिडियम 248, सीझियम 265. भार तोच, अंतर जास्त, म्हणून पकड ढिली. इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, एका मोलला (अणूंच्या एका ठरावीक मोठ्या संख्येला) किलोज्यूलमध्ये: 520, 496, 419, 403, 376. त्रिज्या वाढत जाते आणि हा आकडा उतरत जातो.

आणखी एक आकडा मी दरवर्षी फळ्यावर मोठा लिहिते. सोडियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 496, दुसरा काढायला 4562. नऊपटींहून जास्त. कारण दुसरा आतल्या कवचातला आहे, केंद्रकाच्या जवळ आणि पुरत्या पकडीत. सोडियमचा आयन नेहमी एकाच धन भाराचा का, याचं याहून स्वच्छ कारण मला माहीत नाही. अणूत कवचं आहेत हे दिसत नाही, पण ही उडी मोजता येते.

---

जांबोटी_रोड

अक्का, गर्दीची उपमा मुलांना पटकन कळेल, पण एका जागी ती अपुरी पडते. गर्दीतली माणसं फक्त आड येतात. आतले इलेक्ट्रॉन नुसते आड येत नाहीत, बाहेरच्या इलेक्ट्रॉनला दूर ढकलतात, कारण दोघांचा भार ऋण. ओढ आणि ढकल यांची वजाबाकी होऊन 2.2 उरतो. हे सांगितलं नाही तर मुलांना वाटतं की आकर्षण मध्येच कुठेतरी अडून राहतं.

---

टिळकवाडी_अक्का

बरोबर. वर्गात हे दुसऱ्या दिवशी येतं, पण इथे लगेच सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलंत.

---

पीयूसी_पहिलं_वर्ष

अक्का, सर, मी येळ्ळूरची. दहावीपर्यंत मराठीत शिकले, आता कॉलेजात सगळं इंग्रजीत आहे, म्हणून इथे मराठीत विचारते.

तुम्ही सांगितलेला क्रम मला कळला. लिथियम सगळ्यांत कमी क्रियाशील, सीझियम सगळ्यांत जास्त. पण आमच्याकडे इलेक्ट्रोड पोटेन्शियलचा तक्ता आहे. त्यात लिथियम उणे 3.04 व्होल्ट, पोटॅशियम उणे 2.93, सोडियम उणे 2.71. म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्यात लिथियम सगळ्यांत पुढे आणि सोडियम सगळ्यांत मागे! दोन तक्ते दोन गोष्टी सांगतायत. कुठला खरा? ट्यूशनमध्ये विचारलं तर "दोन्ही पाठ कर" म्हणाले.

---

राजहंसगड_पायथा

बाळ, दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही पाठ करायची गरज नाही. माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं, आणि या धाग्यावर मला जे सांगायचं आहे ते हेच: "क्रियाशील" म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बोलतो. अभिक्रियेतून एकूण किती ऊर्जा सुटते ही एक, आणि ती किती वेगाने होते ही दुसरी. या दोन्ही नेहमी एका दिशेने जात नाहीत. लिथियमच्या बाबतीत तर सरळ उलट जातात.

आधी ऊर्जेचा हिशेब करू, कागद-पेन घे. घन धातूपासून पाण्यातल्या आयनापर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. पहिली, घन धातूतून अणू सुटा करायचा. दुसरी, त्या सुट्या अणूचा इलेक्ट्रॉन काढायचा. या दोन्हींत ऊर्जा खर्च होते. तिसरीत ऊर्जा परत मिळते, कारण पाण्याचे रेणू त्या आयनाभोवती गोळा होतात. अक्कांनी दिलेला 520, 496, 419 हा क्रम फक्त दुसऱ्या पायरीचा आहे, तोही वायुरूपातल्या एकट्या अणूचा.

लिथियम: 159 आणि 520 खर्च, परत मिळाले सुमारे 520. निव्वळ खर्च 159.
सोडियम: 107 आणि 496 खर्च, परत 406. निव्वळ खर्च 197.
पोटॅशियम: 89 आणि 419 खर्च, परत 322. निव्वळ खर्च 186.

सगळे आकडे एका मोलला किलोज्यूलमध्ये. बघ, लिथियमचा इलेक्ट्रॉन काढायला सर्वांत महाग पडतो, पण त्याचा आयन इतका लहान आहे की पाण्याचे रेणू त्याच्या अगदी जवळ येऊन बसतात आणि जवळपास सगळी किंमत फेडून देतात. म्हणून पाण्यात लिथियम पहिला. आणि सोडियम मागे का, तेही याच बेरजेत दिसतं.

आता खातरजमा करू. एक मोल धातूची पाण्याशी अभिक्रिया झाली तर सुटणारी उष्णता लिथियमला सुमारे 222 किलोज्यूल, सोडियमला 184, पोटॅशियमला 196. लिथियम आणि सोडियममधला फरक 38. वर निव्वळ खर्चातला फरक? 197 वजा 159, म्हणजे 38. तक्ते एकमेकांशी भांडत नाहीत. वजनावर बघितलंस तर लिथियम आणखी पुढे जातो, कारण त्याच्या एका मोलचं वजन जेमतेम 7 ग्रॅम. दर ग्रॅममागे लिथियमची उष्णता सुमारे 32 किलोज्यूल, सोडियमची 8, पोटॅशियमची 5. आणि ज्याच्या स्फोटाचे व्हिडिओ सगळे बघतात त्या सीझियमची? दीडच्या आसपास.

तरी लिथियमचा तुकडा पाण्यावर नुसता बुडबुडे काढत तरंगतो. कारण ही दुसरी गोष्ट, वेग. अभिक्रिया सुरू व्हायला आधी खर्च करावा लागतो, परतावा नंतर मिळतो. पहिल्या दोन पायऱ्यांची बेरीज लिथियमला 679, पोटॅशियमला 508. चढ जितका मोठा तितकी सुरुवात संथ. शिवाय द्रवणांक बघ: लिथियम 180.5 अंश, सोडियम 98, पोटॅशियम 63.5, रुबिडियम 39, सीझियम 28.5. सोडियम स्वतःच्याच उष्णतेने वितळून गोळी होतो, सरांनी वर वर्णन केलंय तसा, आणि ताजा पृष्ठभाग सतत पाण्याला लागत राहतो. लिथियमला वितळायला पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही बरंच वर जावं लागतं, म्हणून तो घनच राहतो. त्यात लिथियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही, 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 13 ग्रॅम, त्यामुळे तुकड्याभोवती तेच साचून राहतं.

बॅटरीवाल्यांना लिथियम का हवा तेही इथेच कळेल. त्यांना धडाका नको असतो. व्होल्टेज हवं आणि वजन कमी हवं. लिथियम दोन्ही देतो. आपल्याच राज्यात मंड्या जिल्ह्यात मर्लगल्ल्याला सुमारे 1,600 टन लिथियमचा साठा असल्याचं सरकारी सर्वेक्षणात निघालंय, त्याच्या बातम्या वाचताना हा तक्ता समोर ठेव.

परीक्षेत प्रश्न नीट वाच. वायुरूप अणू, आयनीभवन, पाण्याशी अभिक्रियेचा जोर असं विचारलं तर क्रियाशीलता खाली वाढत जाते. पाण्याच्या द्रावणातला सर्वांत प्रबळ क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारा) विचारला तर लिथियम, आणि कारणात आयनाचा लहान आकार लिही.

---

पीयूसी_पहिलं_वर्ष

38 आणि 38 जुळलं ते मी तीनदा करून बघितलं. वहीत पूर्ण पान लिहिलं. खूप आभारी आहे सर. अजून एक, फ्रान्सियम सीझियमच्या खाली आहे, मग तो सगळ्यांत जास्त क्रियाशील ना? पुष्कळ ठिकाणी तसंच लिहिलेलं असतं.

---

राजहंसगड_पायथा

तसं लिहितात, पण त्याला आधार नाही. फ्रान्सियमची आयनीभवन ऊर्जा सुमारे 393, म्हणजे सीझियमच्या 376 पेक्षा जास्तच. केंद्रकात 87 प्रोटॉन झाले की इलेक्ट्रॉनांचा वेग इतका वाढतो की सापेक्षतेचा परिणाम हिशेबात घ्यावा लागतो. त्याने बाहेरचं कवच किंचित आत ओढलं जातं आणि पकड पुन्हा घट्ट होते. शिवाय मार्गरीट पेरी यांनी 1939 मध्ये शोधलेल्या या मूलद्रव्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही 22 मिनिटांत निम्मा होतो. डोळ्यांना दिसेल एवढा तुकडा कधी जमलेलाच नाही, पाण्यात टाकून बघणं दूरच.

---

उद्यमबाग_मोल्डर

मी फाउंड्रीत काम करतो. सोडियम आमच्याकडे रोजचा आहे, पण सिलिकेट म्हणून. वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, कोअर (ओतकामात आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) भरायचा, कार्बन डायऑक्साइड सोडला की काही सेकंदांत कोअर टणक. सरांचं वाचून आज कळलं की तिथलं सोडियमही इलेक्ट्रॉन देऊन बसलेला आयन आहे, म्हणून ओलं सिलिकेट हाताळताना स्फोटाची भीती नसते. हातमोजे घालतो ते अल्कलीमुळे.

माझी शंका वेगळी आहे. आमच्याकडे साचा ओला राहिला आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतलं तर धातू उडतो. तिथे पाण्याची वाफ होते, आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं, म्हणून. मग पोटॅशियमचा धडाका हाही वाफेचाच का? की हायड्रोजन पेटतो म्हणून?

---

टिळकवाडी_अक्का

@उद्यमबाग_मोल्डर दादा, तुमची शंका अनेक वर्षं शास्त्रज्ञांचीही होती. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट होतो. पण त्यात एक अडचण होती. धातूभोवती हायड्रोजन आणि वाफेचा थर तयार झाला की तो थर पाण्याला धातूपासून दूरच ठेवणार. मग अभिक्रिया मंदावायला हवी. ती तर भडकते.

प्रागमध्ये पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमचं संमिश्र घेतलं. हे खोलीच्या तापमानाला द्रव असतं, म्हणून प्रत्येक वेळी तसाच थेंब पाडता येतो. थेंब पाण्यावर सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. 2015 साली "नेचर केमिस्ट्री" मध्ये ते प्रसिद्ध झालं. थेंब पाण्याला लागल्यावर एका मिलिसेकंदाच्याही आत त्याच्या अंगातून धातूचे काटे बाहेर फुटताना दिसले. हायड्रोजन पेटायच्या कितीतरी आधी.

कारण परत तोच बाहेरचा इलेक्ट्रॉन. थेंबाच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन क्षणात पाण्यात निघून जातात. मागे उरतात धन आयन, एकमेकांना खेटून. समान भार एकमेकांना ढकलतात आणि पृष्ठभाग फाटून बाहेर येतो. काटे फुटले की नवा पृष्ठभाग पाण्याला मिळतो, तिथूनही इलेक्ट्रॉन निघतात, असं ते वाढत जातं. वाफ आणि हायड्रोजन आपलं काम करतातच, पण त्यांच्यामागून. तुमच्या साच्यातला उडणारा धातू वाफेमुळे, हा आधी भारामुळे.

नववीत आपण शिकवतो की समान भारांत प्रतिकर्षण असतं. त्याचं इतकं जोरदार उदाहरण रसायनाच्या धड्यात मिळेल असं मला तरी आधी वाटलं नव्हतं. मी हे आता वर्गात नेहमी सांगते.

---

सदलगा_नाका

थोडी भर. पूर्वी रस्त्यांवर पिवळ्या उजेडाचे सोडियमचे दिवे असायचे, एलईडी आल्यापासून गेले. तो पिवळा रंगही याच बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा. विजेने तो वरच्या पातळीवर जातो, परत येताना 589 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतो. गॅसवर आमटी उतू गेली की ज्योत पिवळी होते, ती त्यातल्या मिठामुळे. बुन्सेन आणि किर्कहॉफ यांना 1860 मध्ये सीझियम सापडलं तेही ज्योतीच्या वर्णपटातल्या निळ्या रेषांवरून. आणि 1967 पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर आहे: 9,19,26,31,770 कंपनं म्हणजे एक सेकंद.

---

चिकोडी_लॅब

सगळं वाचलं, फार उपयोगी आहे. मला तातडीने एक विचारायचं आहे. मी ज्या शाळेत नव्याने लागले तिथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या दोन बाटल्या आहेत. एकीवर सोडियम लिहिलंय, रॉकेल पुरतं भरलेलं आहे. दुसरीवर पोटॅशियम, त्यातलं रॉकेल जवळजवळ उडून गेलंय आणि तुकड्यांवर पिवळा-नारिंगी थर दिसतो. मी त्यात रॉकेल भरून, थर खरवडून तुकडे वापरात आणू का?

---

राजहंसगड_पायथा

मॅडम, नको. झाकण उघडू नका, बाटली हलवू नका, वरून रॉकेलही ओतू नका.

सोडियमवरचं पांढरं कवच वेगळं आणि हा पिवळा थर वेगळा. पोटॅशियम जास्त ऑक्सिजन घेऊन सुपरऑक्साइड बनवतं. सुरीने कापताना किंवा खरवडताना ते खालच्या धातूवर किंवा रॉकेलवर दाबलं गेलं तर तिथेच स्फोट होऊ शकतो. कपाटाला कुलूप लावा, बाहेर कागद चिकटवा, मुलांना त्या खोलीत सोडू नका. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि जवळच्या पदवी कॉलेजच्या रसायन विभागाशी व अग्निशामक दलाशी बोला. विल्हेवाट हातात कौशल्य असलेल्या माणसानेच लावायची.

---

खानापूरचे_सर

राजहंसगड सरांच्या सांगण्याला पूर्ण दुजोरा. सोडियमच्या बाटलीबद्दल मी सांगतो. रॉकेल तुकड्यांच्या वर राहील एवढं कायम ठेवा. प्रयोगानंतर उरलेले कण बेसिनमध्ये कधीही टाकू नका, कोरड्या स्पिरिटमध्ये एकेक टाकून पूर्ण विरघळू द्या, खिडकी उघडी ठेवून, जवळ ज्योत नको. प्रयोग करताना चष्मा, आणि भांड्यावर काचेचं नरसाळं किंवा झाकण ठेवू नका, हायड्रोजन कोंडला जातो. जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवा. आग लागली तर पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही, जळतं सोडियम त्याच्याशीही अभिक्रिया करतं. वाळू किंवा कोरडं मीठ.

---

चिकोडी_लॅब

कपाटाला कुलूप लावलं, चावी मुख्याध्यापकांकडे दिली, पत्रही दिलं. कॉलेजातले एक प्राध्यापक सोमवारी येऊन बघणार आहेत. ते काय करतात ते इथे लिहीन.